आल्या वाटेने न गेलेला राजा

हे कुणाला खरं वाटणार नाही. ज्याला पहिल्या दमात खरं वाटेल, त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल. तरी सांगतो, कारण विचारलंत तुम्ही. मी एकदा राजा होतो. अंगात जांभळा झगा, डोक्यावर मुकुट, आणि एका बाळंतीण म्हशीने मला दिवसभर कैदेत ठेवलं होतं.

हसू नका, फादर. कॉफी सांडेल.

हे आमच्या देवळात नवे आलेले धाकटे फादर. आज तीन राजांचा सण, म्हणून मिस्सा आटोपल्यावर आशीर्वादाचा खडू घेऊन ते घरोघर फिरत होते. चौकटीवर सालाचा आकडा आणि तिन्ही राजांच्या नावांची आद्याक्षरं लिहिली की घराला वर्षभराचा आशीर्वाद. सगळीकडे पुढच्या दारावर लिहितात. आमच्याकडे मात्र अपोलीनने त्यांना ओट्यावर टेकूसुद्धा दिलं नाही. थेट केळी पिकवायच्या कोठीत नेलं आणि वाडीत उघडणाऱ्या बुटक्या दारावर लिहायला लावलं. बिचारे कपाळाला टेंगूळ घेऊन परत आले आणि मला म्हणाले, “इनासबाबा, पुढचं एवढं ऐसपैस दार सोडून ते का?”

“त्या दाराच्या कुलपाने आमचं लग्न लावलं,” मी म्हणालो. “बसा. सांगतो.”

अपोलीन पलीकडे सुपात वाल सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. एवढ्या वर्षांत तिने ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल, पण मध्ये कधी तोंड घातलेलं नाही. म्हशीला मी दर वर्षी थोडी थोडी वाढवतो, तेही तिने चालवून घेतलंय.

तर, हे घर तेव्हा मिंगेल तुस्कानोंचं. अपोलीनचे वडील. अंगाने दारासारखे, रुंद आणि बंद. देवळाच्या पंचांत त्यांचा शब्द शेवटचा. कुठल्या सणाला कुणी कुठे उभं राहायचं, मेणबत्ती कुठल्या हातात धरायची, सगळं त्यांना पाठ. आणि मी? मी गावातला थापाड्या. तशी कीर्तीच होती माझी. मी ‘पाऊस येतोय’ म्हटलं की बायका वाळत घातलेले बोंबील तसेच ठेवायच्या.

एकदा विहिरीवर मी आणि अपोलीन बोलत उभे होतो. मी तिला सांगत होतो, “तुझ्या बाबांना मी घाबरतो की काय? परवा अर्नाळ्याला मुशी माशाच्या जबड्यातून माझी चप्पल काढून आणली मी.” तेवढ्यात माडांच्या आड मिंगेलबाबा खोकले. नुसते खोकले हो! तो खोकला संपायच्या आत मी दोन वाड्या ओलांडून चिखलात बसलो होतो. हे असं एकदा नाही, बरेचदा झालं. शेवटी अपोलीन मला म्हणाली, “इनास, तू बोलतोस फार छान. पण बाबा खोकले की माझ्याजवळ नुसती बादली उरते.”

मग एक दिवस बातमी आली. मुंबईहून विल्फ्रेड नावाचा स्टेनो अपोलीनला बघायला येणार. आईला घेऊन येणार. तीन राजांच्या सणाला, दुपारच्या कॉफीला. पसंत पडली तर मिंगेलबाबा तिथल्या तिथे शब्द देणार. आणि मिंगेलबाबांनी दिलेला शब्द म्हणजे दगडात रोवलेला क्रूस.

माझं नशीब बघा. सणाला गावातले तिघे राजे बनून घरोघर फिरायचे, आणि त्या वर्षी तिसरा राजा मी होतो. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. तिसऱ्या राजाचा झगा कुणा उंटासारख्या लांब माणसाच्या मापाने शिवलेला होता आणि गावात त्यात मावणारा, म्हणजे त्याला पुरून उरणारा, मी एकटा. बाकीचे दोन राजे, जाकू आणि लॉरू, झगे खोचून चालायचे. जाकूकडे सोनं, म्हणजे घासलेला पितळी गडू. लॉरूकडे धूप, आणि धुपाने त्याला येणारी शिंक. माझ्याकडे गंधरस. गंधरस म्हणजे काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून बाटलीत खोबरेल. पुढे बांबूला बांधलेला कागदी तारा, मागे गाणी म्हणणारी मंडळी.

आता एक रिवाज समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फादर, तुम्ही तर शुभवर्तमान रोज वाचता. राजे बाळाला भेटले, आणि बाळाच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाकडे परत जाऊ नका असं त्यांना स्वप्नात कळलं, म्हणून ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. आमच्या गावाने हे फार मनावर घेतलं होतं. सणाच्या दिवशी राजाने ज्या दाराचा उंबरा ओलांडला, त्या दाराने परत यायचं नाही. पुढून आत, मागून बाहेर. नाहीतर हेरोद घरात शिरतो. म्हणजे वर्षभर कटकट, आजार, कोर्टकचेऱ्या.

आणि या रिवाजाचे राखणदार कोण? मिंगेलबाबा! आदल्याच वर्षी नातालीन नावाच्या एकट्या बाईच्या झोपडीत राजे शिरले. झोपडीला दार एकच. नातालीन म्हणाली, “जाऊ द्या हो पुढूनच, मला कोर्टकचेरी करायला आहे काय?” मिंगेलबाबा म्हणाले, “रिवाज म्हणजे रिवाज.” त्यांनी तिच्या मागच्या कुडाची भिंत फोडायला लावली आणि तिन्ही राजांना त्या भगदाडातून बाहेर काढलं. कूड नंतर बांधून दिला म्हणा, पण त्या रात्री नातालीनची कोंबडी मुंगसाने नेली. ते तिने विसरायचं नाही असं ठरवलं होतं.

तिसरा राजा मी आहे हे कळल्यावर मिंगेलबाबांनी विचार केला. या घराचं मागचं दार स्वयंपाकघरातून. म्हणजे हा पोरगा रिवाजाच्या नावाखाली स्वयंपाकघरातून जाणार. स्वयंपाकघरात अपोलीन. नको. म्हणून त्यांनी घरातला नाताळच्या देखाव्याचा गोठा, गव्हाण, मारिया, योसेफ, मेंढ्या, सगळं उचलून बाहेर ओट्यावर मांडलं. राजांनी ओट्यावरच गुडघे टेकायचे, कॉफी प्यायची आणि पुढच्या घरी जायचं. उंबरा ओलांडायचा प्रश्नच नाही. आणि वर खबरदारी म्हणून मागच्या दाराबाहेर मोगरीला बांधली.

मोगरी म्हणजे म्हैस. रंग काजळासारखा, नाव मोगरी. तिच्यासारखी म्हैस उभ्या वसईत झाली नाही. ती बावखलात, म्हणजे गावतळ्यात, उतरली की पाणी रस्त्यावर यायचं आणि शाळेला सुट्टी द्यावी लागायची. ती रेकली की देवळातली घंटा अंगावर शहारा आल्यासारखी आपोआप वाजायची. हो, फादर! घंटा तीच आहे अजून, विचारा तिला.

तारा मिंगेलबाबांच्या अंगणात आला. मिंगेलबाबा ओट्यावर कॉफीचा ट्रे घेऊन उभे. जाकूने गडू ठेवला. लॉरूने शिंकत धूप ठेवला. मी बाटली पुढे केली, आणि जाकू म्हणाला, “अरे, पण बाळ कुठाय?”

गव्हाणीत नुसतं गवत.

“अपोलीन!” मिंगेलबाबा आत ओरडले. “बाळ येशू कुठाय?”

“आत राहिला, बाबा,” आतून आवाज आला. “पुसायला घेतला होता. माझे हात पिठाचे आहेत. कुणीतरी येऊन न्या ना.”

मिंगेलबाबांच्या दोन्ही हातांत ट्रे. ट्रेवर भरलेले कप. ते ठेवायला जागा शोधू लागले, पण ओटाभर मेंढ्या. दाराच्या सगळ्यात जवळ मी. मी पाऊल उचललं आणि उंबरा ओलांडला. मागे सगळ्या गावाने एकदम श्वास आत घेतला. मुकुट हलला माझा त्या वाऱ्याने.

स्वयंपाकघरात अपोलीन पीठ मळत होती. बाळ येशू मिठाच्या बरणीशेजारी फळीवर पहुडलेला, अगदी लख्ख पुसलेला.

“तो मुंबईवाला येतोय आज,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे. हे पीठ त्याच्यासाठीच.”

“तू नाही म्हण.”

“मी का म्हणू? तू काय म्हणतोस ते सांग. आणि मला नको, बाबांना सांग.”

एवढ्यात ओट्यावर खोकला झाला. मी बाळाला छातीशी धरलं आणि सवयीप्रमाणे निघालो पुढच्या दाराकडे. खोटं कशाला सांगू, फादर, पळतच निघालो. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकणार, तोच गर्दीतून नातालीन कडाडली, “ए राजा! आल्या वाटेने कुठे चाललास? माझी भिंत फोडली होती ना रे तुमच्यासाठी? मिंगेलभाऊ, बघता काय? हेरोद येईल ना घरात!”

मिंगेलबाबांनी ट्रे जाकूच्या हातात दिला. “मागून जा,” ते दात आवळून म्हणाले. “म्हशीला बाजूला घेतो मी.”

ते घराला वळसा घालून मागे गेले. आणि मागून असा आवाज आला की कॉफीचे कप बशीत नाचले. मोगरी व्याली होती! नेमकी तेव्हाच, नेमकी दारात, उंबऱ्याला पाठ लावून. रेडकू अजून ओलं होतं, आणि जवळ येईल त्याला शिंगावर घ्यायला मोगरी तयार. मी आतून दार बोटभर उघडलं तर तिने शेपटी अशी हाणली की माझा मुकुट उडून चुलीवरच्या पातेल्यात. मिंगेलबाबा परत आले तेव्हा त्यांच्या धोतराचा एक सोगा मोगरीकडे राहिला होता.

“खिडकीतून काढा,” जाकू म्हणाला. खिडक्यांना गज.

“कौलं काढा,” लॉरू म्हणाला.

“राजे काय उडत गेले होते?” नातालीन म्हणाली. ती ओट्याच्या कडेवर मांडी ठोकून बसलीच होती. “वाडीकडचं दार आहे की कोठीतलं.”

मिंगेलबाबांनी कमरेचा जुडगा काढला. एक एक किल्ली पाहिली. पुन्हा पाहिली. “कोठीची किल्ली कुठे गेली?” ते म्हणाले. “काल तर होती.” सगळं घर धुंडाळलं. किल्ली नाहीच.

तारा पुढे गेला आणि राजा मागे राहिला. जाकू आणि लॉरू दोघेच गावभर फिरले. प्रत्येक घरी विचारणा झाली, “तिसरा कुठाय?” जाकू म्हणायचा, “तो बाळाजवळ राहिला.” जो ऐकेल तो इकडे यायचा. दुपारपर्यंत मिंगेल तुस्कानोंच्या अंगणात देवळात नसेल एवढी गर्दी. शेवटी गर्दीच्या पायाखाली येऊ नये म्हणून गोठा पुन्हा आत आणला, बाळाला गव्हाणीत ठेवलं, आणि मी त्याच्याजवळ पाटावर बसलो. मुकुटातून रस्सा गळत होता.

मग आला विल्फ्रेड. काळा कोट, आणि केसांना इतकं तेल की माझ्या गंधरसाला लाज वाटली. सोबत आई. ती दारात थबकली. एका बाजूला मारिया, योसेफ, मेंढ्या, आणि त्यांच्यात एक जिवंत, लांबलचक राजा.

“हा कोण?” तिने विचारलं.

मिंगेलबाबा जन्मात खोटं बोलले नव्हते. “राजा,” ते म्हणाले.

“जाणार कधी?”

“दार मिळालं की.”

त्यांनी पाहुण्यांना माझ्यापासून लांब, ओट्यावर बसवलं. अपोलीन आतून आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, “भूक लागली असेल. कोठीत केळी आहेत, घे जा.”

मी गेलो. कोठीत अंधार, पिकलेल्या केळ्यांचा वास. ओट्यावर मिंगेलबाबा पाहुण्यांशी बोलताना खोकत होते. आणि समोर ते दार! काय सांगू, फादर, त्या दाराला कुलूप होतं, नारळाएवढं. पोर्तुगीजांच्या वेळचं. मी ते ओढलं, खेचलं, दातांनी चावून बघितलं. हे बघा, हा दात तेव्हाच गेला. कुलूप काही हललं नाही. बाहेर पडायला वाटच नव्हती! काय करणार? दोन फण्या केळी खाल्ली आणि आलो परत, बसलो पाटावर.

थोड्या वेळाने अपोलीनने कॉफी नेली ओट्यावर. विल्फ्रेडने पहिला घोट घेतला आणि त्याचा चेहरा मोगरीच्या रेडकासारखा झाला. कॉफीत साखरेऐवजी मीठ! घाईत बरण्यांची अदलाबदल झाली असेल बिचारीची. दिवसच तसा होता. विल्फ्रेड भला माणूस, गिळला त्याने तो घोट. त्याची आई नाही गिळू शकली. “ज्या घरातून राजाला बाहेर पडता येत नाही,” ती उठत म्हणाली, “त्या घरात आम्ही कशाला सोयरीक करावी?” आणि निघाली. पुढच्याच दाराने. ते काही राजे नव्हते.

दिवेलागणीला थोरले फादर कायतान आले. त्यांना सगळं नातालीनने सांगितलं, मिंगेलबाबांना बोलू न देता. फादर कायतानांनी मोगरीला लांबून आशीर्वाद दिला, रेडकाला दिला, मग माझ्याकडे बघून दाढी कुरवाळली.

“मिंगेल,” ते म्हणाले, “रिवाज तूच राखलास, मी तो मोडणार नाही. पण हा रिवाज कुणासाठी? बाहेरून आलेल्या पाहुण्यासाठी. राजे परदेशचे होते. घरच्या माणसाला कुठे दुसरी वाट लागते? घरचा माणूस वाटेल त्या दाराने येतो, वाटेल त्या दाराने जातो.”

नातालीनने ओट्यावरून मान आत घातली.

मिंगेलबाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हळूच खोकले. मी पाटाची कड घट्ट धरली.

“तुला काही बोलायचंय?” त्यांनी विचारलं.

त्या क्षणी मला जगातली एकही थाप आठवेना. “अपोलीनशी लग्न करायचंय,” मी म्हणालो. एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

“थापा मारतोस तू.”

“हो.”

“आणि मी खोकलो की पळतोस.”

“आज जागाच नव्हती,” मी म्हणालो.

नातालीन खो खो हसली. मिंगेलबाबा हसले नाहीत. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “अपोलीन, तू काय म्हणतेस?”

अपोलीन पिठाचे हात पुसत उभी होती. ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, माझ्या मुकुटावर कावळा बसलाय.

“बसलाय तर बसू दे,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी पुढच्या दाराने बाहेर पडलो, घरचा माणूस म्हणून, आणि थोड्या महिन्यांनी त्याच दाराने घरजावई म्हणून आत आलो. मिंगेलबाबांना मुलगा नव्हता. वाडी बघायला कुणीतरी हवं होतं. पुढे मरेपर्यंत ते माझ्या थापा ऐकत बसायचे आणि मध्येच खोकायचे, मुद्दाम, मी उठतो का बघायला.

“तर असं ते कुलूप, फादर,” मी म्हणालो. “ते नसतं तर मी त्या दिवशी कोठीतून वाडीत, वाडीतून घरी, आणि अपोलीन आज मुंबईत. म्हणून तर ही दर वर्षी त्याच दारावर—”

“खोटं,” अपोलीन म्हणाली.

सुपातला तिचा हात थांबला होता. फादरांनी कप खाली ठेवला.

“काय खोटं?” मी म्हणालो. “म्हैस ना? म्हैस जरा मोठी झाली असेल, पण—”

“म्हैस राहू दे तुझी. कुलूप नव्हतं.” ती फादरांशी बोलत होती, माझ्याशी नाही. “किल्ली सकाळपासून माझ्याकडे होती. याला केळी घ्यायला पाठवलं ना, त्याच्या आधी मी कुलूप काढून ते दार सताड उघडून ठेवलं होतं. समोर वाडी, वाडीपलीकडे याचं घर. आणि ओट्यावर बाबा खोकत होते. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. हा दारापर्यंत गेला. बाहेर बघितलं. मग मुकुट सारखा केला, दार हळूच लोटून घेतलं, कडी घातली आणि परत जाऊन पाटावर बसला.”

तिने एक शेंग उचलली आणि अंगठ्याने फोडली.

“आणि बरण्यांची अदलाबदल वगैरे काही झाली नव्हती, फादर. हा बसला, तेव्हा मी मीठ घातलं.”